प्रौढ साक्षरता वर्गातल्या ताईंना अक्षरं लक्षात राहत नाहीत, मराठीतलं कुठलं ॲप घ्यावं?

संध्यावर्ग
नमस्कार मंडळी. सिंहगड रस्त्याला आम्ही चौघी मिळून आठवड्यातून तीन संध्याकाळी साक्षरता वर्ग घेतो. त्यातल्या एका ताईंसाठी सल्ला हवा आहे. वय ४१, चार घरी पोळ्या करतात. दोन वर्षांत क्वचितच वर्ग चुकवला असेल. त्यांच्यामागून आलेल्या बायका किराण्याची यादी लिहायला लागल्या, या अजून घ आणि ध पाशी अडलेल्या. काल वाचलेलं 'मीठ' आज समोर आलं की पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघतात. बाकी चारही घरांचा हिशोब तोंडी, एका रुपयाची चूक नाही. मागच्या आठवड्यात धायरीऐवजी घोरपडीच्या बसमध्ये चढल्या. मला म्हणाल्या, "माझ्याच डोक्यात काही कमी आहे का हो?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यांना 'उल्लास' या केंद्र सरकारच्या प्रौढ साक्षरता योजनेची परीक्षा द्यायची आहे (वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण). अँड्रॉइड फोन आहे, नेट जेमतेम. एक ॲप देऊन पाहिलं, त्यात चुकलं की लाल फुली आणि रडका आवाज. दुसऱ्या दिवशी ताई फोन घरी ठेवून आल्या.

गोदातीर
विशेष शिक्षिका आहे, म्हणून सविस्तर लिहिते. ॲपच्या आधी डोळे तपासून घ्या. या वयात चाळिशी लागलेली असते आणि बऱ्याच बायका ती लावतच नाहीत. मग कान. तोंडापुढे कागद धरून 'घार' आणि 'धार' म्हणा, फरक ओळखता येतो का बघा. ऐकून ओळखत असतील तर अडचण आकार आणि आवाज यांची सांगड घालण्यात आहे.

एवढ्यावरून डिस्लेक्सियाचा (वाचनातल्या अध्ययन अक्षमतेचा) शिक्का मात्र मारू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, पण मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची डिस्लेक्सिया ओळखायची 'डाली' चाचणी मराठीत असली तरी ती प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी आहे. शिकवण्याची पद्धत बदलायला प्रमाणपत्र लागत नाही.

ॲप निवडताना मी 'किती' हा शब्द उघडून बघते. पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, कानाला क आधी ऐकू येतो. अशा शिकणाऱ्यांची इथे हमखास गफलत होते. ॲप क आधी उजळवून दाखवतं की नुसतं डावीकडून उजवीकडे सरकतं? दुसरं, ल आणि श मराठी वळणाचे आहेत का? पाटीवर एक ल गिरवायचा आणि फोनवर हिंदी वळणाचा भेटायचा, म्हणजे त्यांच्यासाठी ती दोन अक्षरं झाली. घड्याळ लावून उत्तर मागणारं ॲप तर उघडूच नका.

सोलापुरी_चादर
टीसीएसचा संगणकावरचा साक्षरता कार्यक्रम पाहिलात का? २००० साली आंध्रात सुरू झाला, मराठीतही आहे. बाराखडी घोकायची नाही, चित्र आणि आवाजाच्या मदतीनं थेट शब्द ओळखायचे. साधारण ४०-४५ तासांत साधं वाचन यावं असा बेत. आमच्या वस्तीत बायका त्यात रमल्या.

गोदातीर
कार्यक्रम चांगला आहे, पण या ताईंना तो पहिला देऊ नये असं मला वाटतं. अख्ख्या शब्दाचा आकार लक्षात ठेवून चालवणं त्या आजही करतातच, आणि म्हणूनच बस चुकली. त्यांना अक्षर फोडून, आवाज लावून शिकवायला हवं. गूगलचं 'रीड अलाँग' (२०१९ला 'बोलो' नावानं आलं होतं) नंतरच्या टप्प्यावर उपयोगी. मोठ्यानं वाचायचं, अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की तो ऐकू येतो, गोष्टी उतरवून घेतल्या की नेट लागत नाही. ते मुलांसाठी केलेलं आहे, हे मात्र त्यांना आधी सांगा.

आत्तासाठी 'अँकीड्रॉइड'. फुकट आहे, नेटशिवाय चालतं. पत्त्यांसारखी कार्डं, त्यात आपले शब्द, आपले फोटो, आपला आवाज घालता येतो. विसरलेलं कार्ड लवकर परत येतं, येणारं मागे जातं. कार्डं तुम्ही करून द्या, रोज दहा पुरे.

तीनचाकी
मी रिक्षा चालवतो, हे फोनला बोलून लिहितोय. वाचायला चौतिसाव्या वर्षी लागलो. एकच सांगतो, ताईंना हेडफोन द्या. बडबडगीतं वाजणारं ॲप मी घरात कधी लावलं नाही, पोरगी शेजारी अभ्यासाला बसायची. आणि वाचता येईपर्यंत थांबू नका. फोनमध्ये 'सिलेक्ट टू स्पीक' चालू करून द्या, आलेला मेसेज फोन वाचून दाखवतो. मला पहिला धीर त्यानंच आला.

संध्यावर्ग
तीन आठवड्यांनी लिहितेय. चाळिशी खरंच लागली होती, नवा चष्मा आला. घार-धार कानानं बरोबर ओळखतात. अँकीत बारा कार्डं केली, सगळी त्यांच्या ओट्यावरची: धने, घास, मीठ, पोळी... फोटो त्यांच्याच डब्यांचे, आवाजही त्यांचाच. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून लाजल्या, मग तेच कार्ड पाच वेळा लावलं. दादा, हेडफोनचा सल्ला लाखमोलाचा. आता दुपारच्या सुट्टीत जिन्यात बसून करतात.

परवा 'धने'चं कार्ड बराच वेळ न्याहाळून म्हणाल्या, "घनं डोक्यावरून पूर्ण पदर घेतलाय, धचा अर्धाच आहे." शिरोरेषेकडे मी आयुष्यात असं पाहिलं नव्हतं. आणि कुणी न सांगता पुढे, "मग म आणि भचंही तसंच की!"

एक प्रश्न. त्यांच्या आडनावात रफार आहे आणि सही शिकायची घाई आहे. आत्ताच आणू का?

गोदातीर
आणा. आधी र आणि पुढचं अक्षर वेगळं म्हणून घ्या, मग रफार लाल पेननं काढा. कार्डावर फोटो त्यांचाच लावा.