अविश्वासापेक्षा कलम १४ची धास्ती

सरपंचपद अविश्वास ठरावानेच जातं असं अनेकांना वाटतं. पण थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं तो आणताच येत नाही. पुढेही तीन चतुर्थांश सदस्य आणि वर ग्रामसभेची मंजुरी लागते. खरी विकेट ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४वर, म्हणजे अपात्रतेच्या कलमावर पडते, त्यातही सरकारी जागेवरच्या अतिक्रमणावर. गोठा किंवा पडवी गायरानात सरकलेली दिसली की विरोधक मोजणी करून थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज टाकतो. ‘अतिक्रमण माझं नाही, वडिलांचं’ हा आवडता बचाव सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या जनाबाई निकालानंतर सहसा टिकत नाही; घरच्यांनी केलेलं अतिक्रमण वापरणाराही त्यात अपात्र ठरला.

निवडणूक खर्चाचा हिशेब निवडणुकीच्या निकालानंतर ३० दिवसांत द्यायचा असतो, पडलेल्यांनीही. ते हमखास विसरतात आणि अपात्र ठरून पुढची निवडणूकही घालवून बसतात.