रि: पोलिसांनी गोळी कधी झाडावी

सुहास:
मंडळी, कालपासून इथे गोळीबारावरून सगळे पोलिसांवर तुटून पडलेत म्हणून लिहितोय. हातात सुरी घेतलेला माणूस २१ फुटांवर असला तरी साधारण दीड सेकंदात अंगावर येतो, हे १९८३ पासून अमेरिकेत पोलिसांना शिकवलं जातं. तेवढ्यात पिस्तूल काढायचं, नेम धरायचा आणि ठरवायचं पण. आणि 'पायावर का नाही मारली' हे विचारणं सोपं आहे हो, हलणारा पाय लागत नाही, चुकलेली गोळी मागच्या भलत्याच माणसाला लागते, आणि मांडीतली मोठी रक्तवाहिनी फुटली तर माणूस तसाही वाचत नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये ग्रॅहम विरुद्ध कॉनर ह्या केसमध्ये हेच म्हटलंय, की त्या जागी उभ्या असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेने बघा, सगळं झाल्यावर मागाहून शहाणपणा नको.

मेधा:
सुहास, त्या दीड सेकंदाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही रे. माझं म्हणणं त्याच्या आधीच्या मिनिटाबद्दल आहे.

तू ग्रॅहमचं नाव घेतलंस म्हणून सांगते, त्या माणसाला डायबिटीस होता, शुगर खाली गेली म्हणून ऑरेंज ज्यूस घ्यायला दुकानात शिरला, मोठी रांग बघून लगेच बाहेर पडला, तेवढ्यावरून पोलिसाला संशय आला आणि त्या झटापटीत त्याचा पाय मोडला. गोळी कोणी झाडलीच नव्हती. पण आज गोळीबाराच्या केसेसही त्याच निकालाच्या मापाने मोजतात.

आता २०१६ ची ह्यूस्टनकडची केस बघ, बार्न्स विरुद्ध फेलिक्स. भाड्याची गाडी, तिच्यावर टोल थकल्याची नोंद, एवढ्यासाठी एका मुलाला थांबवलेलं. पोलिसाने डिकी उघडायला सांगितली, मुलाने बंद केलेलं इंजिन परत चालू केलं, गाडी सरकायला लागली. नंबरप्लेट डोळ्यासमोर आहे, गुन्हा टोलचा आहे, जाऊ दे ना, नंतर पकडता येतो. तर ह्या पोलिसाने चालत्या गाडीच्या दाराखालच्या पट्टीवर उडी मारली आणि डोकं टपाच्या वर, आतलं काही दिसत नाही अशा अवस्थेत दोन गोळ्या झाडल्या. उडी ते पहिली गोळी, साधारण दोन सेकंदं. मुलगा गेला.

खालच्या कोर्टांनी तेवढी दोनच सेकंदं बघितली. आणि चालत्या गाडीला लटकलेल्या माणसाच्या जिवाला त्या दोन सेकंदांत धोका असणारच की! पण तो लटकला का, हे विचारायचंच नाही? आई सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, आणि मे २०२५ मध्ये एकमताने निकाल आला की असं झापड लावून बघता येणार नाही, आधीचं सगळं धरायचं. पोलिसाने धोका स्वतःच ओढवून घेतला असेल तर काय, हा प्रश्न मात्र तिथेही तसाच राहिला, आणि मला त्याचाच त्रास होतो.

प्रकाश:
मेधा, हे सगळं कागदावर ठीक आहे. हैदराबादला २०१९ मध्ये एका मुलीच्या बलात्कार-खुनाच्या केसमधल्या त्या चौघा आरोपींना पोलिसांनी उडवलं तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, ती काय उगाच? कोर्टात वर्षानुवर्षं न्याय मिळत नाही, लोक वैतागलेत.

मेधा:
प्रकाशकाका, वैताग मला समजतो, त्या मुलीच्या बाबतीत जे झालं ते आठवलं तरी अंगावर काटा येतो. पण पुढचं पण बघा ना. आपल्याच नागपूरच्या न्यायमूर्ती सिरपूरकरांच्या आयोगाने चौकशी केली, २०२२ मध्ये अहवाल बाहेर आला. आरोपींनी पिस्तूल हिसकावलं ही पोलिसांची गोष्ट आयोगाने मानली नाही, मारायच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या असं स्पष्ट लिहिलं, आणि चौघांपैकी तिघं तेव्हा अल्पवयीन होते असंही लिहिलं. खरा गुन्हेगार कोण होता हे कोर्टात सिद्ध व्हायची वाटच बंद झाली. त्या मुलीच्या घरच्यांना नक्की काय मिळालं सांगा?

आणि भारतातही नियम नाहीत असं नाही. २०१४ मध्ये पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी लढणारी संस्था) विरुद्ध महाराष्ट्र ह्या निकालात सुप्रीम कोर्टाने १६ सूचना दिल्या, त्यात एन्काउंटरमध्ये माणूस मेला की एफआयआर नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलिस स्टेशनच्या टीमने करायचा, मॅजिस्ट्रेटची चौकशी व्हायची. केस आपल्या मुंबईच्या एन्काउंटर्सवरूनच गेली होती. म्हणजे सगळा भर शेवटी एकाच गोष्टीवर येतो, ज्याने गोळी झाडली त्याच्याच सहकाऱ्यांनी तपास करायचा नाही.

सुहास, म्हणून तुला विचारायचं होतं. कॅलिफोर्नियात २०२० पासून गोळी झाडायची खरंच गरज होती का आणि आधी पोलिस स्वतः कसा वागला हे दोन्ही बघायचं असा कायदा आहे, आणि २०२१ पासून निःशस्त्र माणूस पोलिसांच्या गोळीने मेला तर तपास राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे, म्हणजे सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे जातो. तुमच्या राज्यात तो कोण करतं? तेच खातं करत असेल तर ते दीड सेकंद नक्की कसं गेलं, हे आपल्याला कळणार कुठून?