सोसायटीतील मांजरी, बंगल्याच्या कौलांतील उदमांजर आणि सर्वसाधारण सभेचा ठराव : मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही पुण्यात एरंडवण्यातील एका जुन्या सोसायटीत राहतो. आवारात तीन इमारती आहेत आणि मागच्या भिंतीला लागून अनेक वर्षे बंद असलेला एक कौलारू बंगला आहे, ज्याच्या अंगणात उंबर आणि जांभूळ माजले आहेत. आवारात मांजरी पूर्वीपासून होत्या, परंतु अलीकडे त्यांची संख्या चौदावर गेली असून त्यातली चार पिल्ले सध्या मीटररूममध्ये आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू त्यांना दोन्ही वेळा जिन्याखाली दूधपोळी आणि मासळीची डोकी घालतात. काका गेल्यापासून त्या एकट्या आहेत आणि मांजरींचे त्यांच्याइतके कोणीच करत नाही, हे त्यांच्यावर रागावलेली मंडळीही मान्य करतात.

तक्रारी खऱ्या आहेत, हे मी आधीच स्पष्ट करते. बोके स्कूटरच्या सीटवर आणि दारासमोरच्या चपलांच्या कपाटावर मूत्र फवारतात, आणि तो वास फिनाईलनेही जात नाही. सीटची कव्हरे नखांनी फाटतात. उरलेल्या दूधपोळीवर मुंग्या लागतात आणि रात्री त्याच ताटलीवर घुशी येतात. मुलांच्या घसरगुंडीखालच्या वाळूत मांजरी विष्ठा पुरतात. पहिल्या मजल्यावरची एक सून गर्भवती आहे आणि डॉक्टरांनी तिला टोक्सोप्लाझ्मोसिसविषयी (मांजरीच्या विष्ठेतून पसरू शकणारा, गर्भाला धोका पोहोचवणारा संसर्ग) सांगितल्यापासून तिच्या सासूबाई फार घाबरलेल्या आहेत. त्यांच्या भीतीला ‘प्राणिद्वेष’ म्हणून उडवून लावणे मला अन्यायाचे वाटते.

गेल्या सर्वसाधारण सभेत मात्र या तक्रारींवर जो उपाय मंजूर झाला, त्याने माझी झोप उडाली आहे. आवारात मांजरींना खायला घालणाऱ्या सभासदाला दंड करावा आणि मांजरी ‘उचलून नेणाऱ्या’ एका माणसाला पैसे देऊन त्या शहराबाहेर सोडाव्यात, असा ठराव बहुमताने झाला. ऑगस्ट २०२५ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाचा आधारही एका सदस्यांनी दिला, पण माझ्या वाचनाप्रमाणे तो आदेश भटक्या कुत्र्यांविषयी आहे, आणि त्या महिन्याच्या २२ तारखेला त्यातही बदल करण्यात आला. मीटररूममधल्या पिल्लांचे डोळे नुकतेच उघडले आहेत. त्यांची आई उचलली गेली, तर ती दोन दिवसही जगणार नाहीत.

यात आणखी एक गुंता आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या रहिवाशांची मुख्य तक्रार रात्रीच्या आवाजांची आहे : गच्चीवरून धावण्याचा धडधडाट, कौले सरकल्याचा आवाज, पाण्याच्या टाकीवरून कोणीतरी उडी मारल्याचा आवाज. याचा दोषही मांजरींच्याच माथी मारला गेला. परंतु गच्चीच्या कठड्यावर मला जी विष्ठा दिसते ती मांजरीची वाटत नाही. ती उघड्यावर, ठरावीक जागी पडलेली असते आणि तिच्यात उंबराचे बारीक दाणे आणि जांभळाच्या अख्ख्या बिया असतात. एकदा पहाटे पाइपावरून उतरणारे एक लांब, काळपट जनावर मी पाहिले. त्याची शेपटी अंगाइतकीच लांब होती आणि चेहऱ्यावर काळा पट्टा होता. माझ्या अंदाजाने ते उदमांजर असावे.

विशेष सर्वसाधारण सभा मागण्यासाठी मी सह्या गोळा करत आहे. मला तीन बाबतींत मदत हवी आहे. असा ठराव कायद्यासमोर टिकतो का? मांजरींच्या निर्बीजीकरणासाठी सोसायटीने कोणाकडे जावे आणि त्याने तक्रारी खरोखर कमी होतात का? आणि ते जनावर उदमांजर असेल तर काय करावे? भावना समजून घेणारे अनेक आहेत, पण सभेत मांडता येईल अशी माहिती मिळाल्यास मी ऋणी राहीन.

प्रतिसाद १

ताई, मुलुंडच्या आमच्या सोसायटीत आम्ही याच वाटेने गेलो आहोत, म्हणून सविस्तर लिहितो.

ठरावाला बहुमत मिळाले म्हणून तो कायद्याच्या वर जात नाही. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार, उपासमार किंवा तहान यामुळे हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा गुन्हा आहे. ‘उचलून नेणारा’ माणूस मांजरीला मारतो की माळावर सोडतो हे तुम्हाला कधीच कळणार नाही. मारले किंवा जायबंदी केले, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ लागते आणि त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे ठरावावर सही करणाऱ्या पदाधिकाऱ्यांना हे लेखी कळवा, पण सूर धमकीचा नको. आमच्याकडे सेक्रेटरींना कायदा ठाऊक नव्हता, आणि तो शांतपणे दाखवल्यावर सर्वांत आधी तेच आमच्या बाजूने आले.

खायला घालण्याविषयी प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ पाहा. हे नियम प्रामुख्याने कुत्र्यांसाठी ओळखले जातात, पण खाऊ घालण्याची तरतूद सर्व ‘सामुदायिक प्राण्यां’साठी आहे. तिच्यानुसार खाण्याची जागा ठरवण्याची जबाबदारी रहिवासी संघटनेवर आहे. ही जागा मुलांच्या खेळाच्या जागेपासून, जिन्यापासून आणि ये-जा करण्याच्या दारापासून दूर असावी, लहान मुले व ज्येष्ठ नागरिक यांची वर्दळ कमी असते अशी वेळ ठरवावी, आणि खायला घालणाऱ्याने जागा स्वच्छ ठेवावी, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे काकूंना दंड करता येणार नाही, तसेच काकूंनाही जिन्याखालची जागा धरून बसता येणार नाही. आमच्याकडचे अर्धे भांडण याच एका कलमावर मिटले. खाणे अर्ध्या तासात उचलायचे, रात्री ताटली ठेवायची नाही, एवढे पाळले की घुशीही हटतात. दूध मात्र बंदच करावे, कारण मोठ्या मांजरींना ते बहुधा पचत नाही आणि जुलाब होऊन घाण वाढते.

निर्बीजीकरणाने तक्रारी कमी होतात, कारण मूत्र फवारणे, रात्रीचे रडणे आणि बोक्यांच्या मारामाऱ्या यांचे मूळ माजात असते. बोक्यांत फरक लगेच दिसत नाही, काही आठवडे जावे लागतात, हे सभेत आधीच सांगा. मांजरी हलवल्या तर मात्र जागा रिकामी राहत नाही. कचरा आणि आडोसा तसाच असल्यामुळे शेजारच्या आवारातील निर्बीजीकरण न झालेल्या मांजरी तेथे येतात. मादी साधारण दोन महिन्यांत विते, वर्षाला दोन-तीन वेत होऊ शकतात आणि तिची पिल्ले पाच-सहा महिन्यांत स्वतः माजावर येतात. त्यामुळे दोन माद्या सुटल्या तरी सगळे मुसळ केरात. मुंबई महापालिकेने २०१९ मध्ये मांजरींचे निर्बीजीकरण सुरू केले. पुण्यात महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज द्या आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या संस्थेकडे भारतीय प्राणी कल्याण मंडळाची मान्यता आहे का, हे विचारून घ्या. शस्त्रक्रिया झालेल्या मांजरीच्या कानाचे टोक छाटतात, त्यामुळे राहिलेली कोणती हे लांबून ओळखता येते. रेबीजची लस त्याच वेळी टोचून घ्या. मीटररूममधल्या आईला पिल्ले दूध पिणे सोडेपर्यंत हात लावू नका, पण त्यानंतर तिला पहिली पकडा.

प्रतिसाद २

गर्भवती सुनेविषयी : मांजरीच्या विष्ठेतील जंतू बाहेर पडल्याबरोबर संसर्गक्षम नसतात, त्यांना एक ते पाच दिवस लागतात. म्हणून वाळूतील विष्ठा रोज उचलणे आणि वाळूवर रात्री ताडपत्री अंथरणे हे दोन्ही उपाय खरोखर उपयोगी आहेत. हे काम त्या सुनेने करू नये. तिने कुंड्यांची माती हातमोज्यांशिवाय हाताळू नये, भाज्या नीट धुवाव्यात आणि मांस पूर्ण शिजवूनच खावे. अंगणातून मांजर जाताना दिसली म्हणून रोग होत नाही. सासूबाईंना हे त्यांच्याच डॉक्टरांकडून ऐकवावे.

प्रतिसाद ३

तुम्ही केलेले वर्णन उदमांजराचेच आहे. फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा कठड्यावर उघडी टाकणे ही त्याची ओळख आहे, तर मांजर बहुधा माती उकरून पुरते. सभेसाठी पुरावा हवा असेल, तर संध्याकाळी कठड्यावर रांगोळीचा पातळ थर भुरभुरवा आणि सकाळी फोटो काढा. मांजरीच्या ठशात चार बोटे उमटतात, उदमांजराच्या ठशात पाच.

हा वन्य प्राणी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे पिंजरा लावणे, धूर करणे किंवा कौले खाली खेचणे यांपैकी काहीही स्वतः करू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. बावधनच्या वन्यप्राणी उपचार केंद्रात काम करणारी ‘रेस्क्यू’ ही संस्थाही पुण्यात अशा प्रसंगी मार्गदर्शन करते. कौलांत पिल्ले नाहीत याची खात्री झाल्यावर, जनावर रात्री बाहेर पडल्यानंतर फटी जाळीने बुजवणे हा उपाय आहे, पण त्यासाठी बंगल्याच्या मालकांची परवानगी लागेल. तोपर्यंत गच्चीकडे येणाऱ्या फांद्या परवानगी घेऊन छाटा आणि पाइपावर पत्र्याची झालर बसवा. उंदीर खाणारे हे जनावर माणसाच्या वाटेला जात नाही, हेही सभेत अवश्य सांगावे.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. रांगोळीवर आज सकाळी पाच बोटांचे ठसे स्पष्ट उमटले आहेत आणि फोटो तिसऱ्या मजल्यावरच्या रहिवाशांना दाखवले. त्यांतल्या दोघांनी लगेच मागणीपत्रावर सही केली. काकूंनी दूध बंद करायला आणि पंपरूमच्या मागे खायला घालायला होकार दिला आहे, मात्र पकडलेल्या मांजरी परत आणतील याचा त्यांना भरवसा वाटत नाही. काकूंना स्वतः गाडीतून सोबत जाऊ द्यावे, अशी विनंती मी संस्थेला करणार आहे. एक अडचण शिल्लक आहे : दोन माद्या साध्या पिंजऱ्यात शिरत नाहीत आणि दोरी ओढून पाडायचा पिंजरा आमच्याकडे नाही. कोथरूड किंवा एरंडवणे भागात असा पिंजरा काही दिवसांसाठी कोणी देऊ शकत असल्यास कृपया व्यक्तिगत संदेश पाठवावा. अनामत रक्कम द्यायला सोसायटीचे काही सभासद तयार आहेत.