मदत हवी आहे: प्रेमचित्रांचं प्रदर्शन, मे महिना आणि उडणारा लाल
'प्रेम' या विषयावरची १४ चित्रं मे महिन्यात लातूरला लागतायत. ॲक्रिलिक उन्हात मऊ पडतं, बबल रॅप थेट गुंडाळला की फुगे रंगावर उमटतात. म्हणून आधी ग्लासीन (गुळगुळीत, रंगाला न चिकटणारा) कागद, फुगे बाहेरच्या बाजूला. ते जमलंय.

खरी अडचण दोन जलरंगांची. मिठीतल्या पाठमोऱ्या बाईच्या लुगड्याला ॲलिझरिन क्रिमझन या गडद लालाचा (रंगद्रव्य क्रमांक पीआर ८३) अगदी पातळ हात आहे. हा रंग उजेडात उडतो, अन् हॉलच्या पश्चिमेकडच्या खिडक्यांतून चारला ऊन थेट भिंतीवर! ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आत राहायचंय. काचेवर नुसती यूव्ही (अतिनील किरण अडवणारी) फिल्म पुरणार नाही, दिसणारा उजेडही रंग खातोच. मांजरपाटाचे दुहेरी पडदे लावून कुणी मोजलंय का? लातूर-नांदेडकडे लक्समीटर भाड्यानं कुठं मिळेल?