'कारवाई', 'कारवाया' आणि 'चकमक' : सशस्त्र बंडखोरांविरुद्धच्या मोहिमांची भाषा

प्रश्न असा आला आहे की, सशस्त्र बंडखोरांविरुद्धच्या 'ऑपरेशन'ला मराठीत 'मोहीम' म्हणावे की 'कारवाई', आणि मोहिमेच्या नावाचे भाषांतर करावे की करू नये. दुसऱ्या भागाचे उत्तर सोपे आहे. ते विशेषनाम आहे, जसेच्या तसे ठेवावे. 'ऑपरेशन ब्लू स्टार'ची 'नील तारा मोहीम' करून कोणाचेच भले होत नाही. पहिल्या भागासाठी मात्र थोडे खोलात जावे लागेल.

'मोहीम' हा शब्द मूळचा अरबी असून महत्त्वाचे, निकडीचे काम एवढाच त्याचा अर्थ होता. मराठीत तो घोड्यावर बसून आला आणि स्वारीचा अर्थ घेऊन राहिला. आज लसीकरणाचीही मोहीम असते आणि अतिक्रमण हटवण्याचीही, त्यामुळे त्याची धार बरीच बोथट झाली आहे. 'कारवाई' फारसी वळणाचा. काम चालते करणे, हा त्याचा गाभा. या शब्दाची खरी गंमत त्याच्या वचनात आहे. सरकार करते ती 'कारवाई', आणि सरकारविरुद्ध होतात त्या 'कारवाया'. 'बंडखोरांच्या कारवाया रोखण्यासाठी पोलिसांची कारवाई' हे वाक्य मी मुद्रितशोधनात इतक्या वेळा पाहिले आहे की, त्यात एकच शब्द दोनदा आला आहे हे कित्येक वर्षे माझ्या ध्यानातही आले नव्हते. 'पोलिसांच्या कारवाया' असे लिहून पाहावे, लगेच कटकारस्थानाचा वास येतो. मूळ शब्द एक, पण एकवचन शासनाच्या वाट्याला गेले आणि अनेकवचन विरोधकांच्या. व्याकरणाने असा पक्ष घेतल्याचे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

'कारवाई'चे सर्वांत वजनदार उदाहरण मराठवाड्यातले आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानात भारतीय लष्कर शिरले, त्या मोहिमेचे लष्करी नाव 'ऑपरेशन पोलो'. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखाली सोलापूरहून निघालेल्या फौजेने १३ सप्टेंबरला, पहिल्याच दिवशी, नळदुर्ग घेतला आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. रणगाडे होते, विमाने होती, तरीही सरकारी भाषेत ही 'पोलीस कारवाई'च होती. कारण उघड आहे. हैदराबादने आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे नेली होती, आणि 'युद्ध' म्हटले की समोरचा आपोआप परका देश ठरतो. 'पोलीस' म्हटले की घरातलाच बेकायदा प्रकार ठरतो. ही शब्दयोजना आपलीही नव्हती. डचांनी १९४७ साली इंडोनेशियात सैन्य उतरवले तेव्हा त्यांनीही 'पोलिसी कारवाई' असेच म्हटले होते, आणि तेव्हा ऑस्ट्रेलियाप्रमाणे भारतानेही तो प्रश्न सुरक्षा परिषदेपुढे मांडला होता.

माझी आजी उस्मानाबादकडची. तिच्या तोंडी 'ऑपरेशन पोलो' कधीच नव्हते, 'कारवाई'ही नव्हती, 'ॲक्शन' होते. 'तुझे मामा ॲक्शनच्या वर्षीचे', 'ही भिंत ॲक्शनच्या आधीची', असे ती कालगणनेसारखे बोलायची. या एका शब्दात तिच्या लेखी दोन्ही गोष्टी होत्या : रझाकारांच्या जाचातून झालेली सुटका, आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत शेजारच्या मुसलमान घरांवर जे गुदरले ते. त्या हिंसाचाराच्या चौकशीसाठी दिल्लीहून पंडित सुंदरलाल यांची समिती आली होती आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद आणि नांदेडची नावे घेतली होती. 'पोलीस कारवाई' या नेटक्या शब्दात ते काहीच मावत नाही. जाता जाता, 'रझाकार' म्हणजे मुळात स्वयंसेवक, आपखुशीने काम करणारा. मराठवाड्यात मात्र तो शब्द शिवीच्या पंक्तीला जाऊन बसला आणि 'रझाकारी' म्हणजे जुलूम झाला.

नावांकडे वळायचे तर 'पोलो', 'ब्लू स्टार', आसाममध्ये उल्फाविरुद्धचे 'ऱ्हायनो' ही नावे शत्रूबद्दल काही बोलत नाहीत. (गेंडा हे आसामचेच भूषण, ते तिथल्याच बंडखोरांविरुद्धच्या मोहिमेला द्यावे, हे सुचणाऱ्याला काय वाटले असेल कोण जाणे.) जम्मू-काश्मीरमधील 'रक्षक' आणि 'सद्भावना' ही नावे सैन्याबद्दल बोलतात. तिसरी जात समोरच्याबद्दल बोलते, आणि ती मला खटकते. पूंछच्या हिलकाका भागातील २००३ सालच्या मोहिमेचे नाव 'सर्पविनाश' होते. मराठी कानाला यात जनमेजयाचे सर्पसत्र ऐकू येतेच. पण ते सत्र आस्तिकाने मध्येच थांबवले, तक्षक वाचला, हेही त्याच कथेत आहे. २००९ च्या सुमारास माओवाद्यांविरुद्धच्या मोहिमेला वर्तमानपत्रे 'ग्रीन हंट' म्हणू लागली. असे नाव आपण दिलेलेच नाही, असे केंद्र सरकारने सांगितले, पण नाव चिकटले ते चिकटलेच. त्याआधी २००५ मध्ये बस्तरात माओवाद्यांविरुद्ध गावकऱ्यांची सशस्त्र चळवळ उभी राहिली. तिचे 'सलवा जुडूम' हे गोंडी नाव 'शांतियात्रा' म्हणून मराठीत छापले गेले. गोंडीत 'जुडूम' म्हणजे गावाने मिळून केलेली शिकार आणि 'सलवा'मध्ये शुद्धीकरणाचा भाव आहे. शिकारीची यात्रा आणि शुद्धीची शांती करणाऱ्या त्या भाषांतराने वाचकाची दिशाभूलच केली. सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ रोजी या उपक्रमातील विशेष पोलीस अधिकाऱ्यांना नक्षलविरोधी कामी वापरणे घटनाबाह्य ठरवले.

आता प्रत्यक्ष बळाच्या वापराचे शब्द. 'कोम्बिंग ऑपरेशन' लिहिण्याचे काहीच कारण नाही. 'जंगल पिंजून काढले' हा पिंजाऱ्याच्या धनुकलीवरून आलेला वाक्प्रचार नेमका तेच सांगतो. 'चकमक' अधिक नाजूक आहे. मूळ तुर्की शब्द ठिणगी पाडणाऱ्या गारगोटीचा. ठिणगी पडायला दोन वस्तू एकमेकींवर आपटाव्या लागतात, म्हणून दोन्ही बाजूंनी झडलेल्या छोट्या लढाईला तो शोभतो. गडचिरोलीच्या जंगलात सी-६० या पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकाचे जवान आणि माओवादी यांच्यात तासन्‌तास गोळीबार होतो, ती चकमक खरीच. पण आपण हाच शब्द 'एन्काउंटर'साठी वापरतो, इतका की 'चकमकफेम' असे विशेषणही घडवले. मुंबईतील चकमकींवरून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंचा गुन्हा नोंदवून स्वतंत्र तपास करण्याचे बंधन घातले. म्हणजे दुसरा दगड होता की नाही, हे तपासानंतरच ठरायचे असते. तोवर बातमीत 'पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू' लिहावे, किंवा 'चकमक झाल्याचा पोलिसांचा दावा' असे लिहावे.

'कंठस्नान घालणे' मात्र सोडूनच द्यावे. डोके कोरडे ठेवून गळ्याखाली केलेली अंघोळ, हा त्याचा घरगुती अर्थ. पडसे झाले की आजोबा कंठस्नानच करत. रणांगणावर शिरच्छेद झाल्यावर धड स्वतःच्याच रक्ताने न्हाते, हा दुसरा. बंदुकीच्या गोळीने मेलेल्या माणसाला हे लागू पडत नाही, आणि लागू पडत असते तरी बातमीदाराने ते चवीने का लिहावे? 'ठार झाले' पुरेसे आहे.

तेव्हा विचारलेल्या प्रश्नापुरते : लष्कर ठरावीक प्रदेशात दीर्घकाळ काम करत असेल तर 'मोहीम', एखाद्या ठिकाणचा एखादा छापा किंवा अटक असेल तर 'कारवाई'. बंडखोरांच्या कृत्यांना 'कारवाया' न म्हणता हल्ला, खंडणी, अपहरण, स्फोट असे जे असेल ते लिहावे. समोरच्यासाठी 'बंडखोर' चालेल. 'बंड' शब्दाला मराठीत तुच्छतेची छटा आहे खरी, पण 'वासुदेव बळवंतांचे बंड' आपण आदरानेही म्हणतो. शेवटी राहिला 'सरेंडर'. महाराष्ट्र शासनाच्या २००५ पासूनच्या योजनेत त्याला 'आत्मसमर्पण' म्हटले आहे. हा शब्द देवापुढे वापरायचा. ठाण्यात बंदूक ठेवणाऱ्याने 'शस्त्र खाली ठेवले' किंवा तो 'शरण आला', असे मी लिहीन.