'देवबागचं घर' ग्रुप : होडीची मशीन दुरुस्त करायची की नवी?

नाना: मांगरात (शेडमध्ये) होडीची मशीन तशीच पडून आहे. आज चौथा दिवस. दिवाळीचं बुकिंग घेऊन बसलोय. कोणी बोलणार आहे का?

ताई डोंबिवली: शुभ सकाळ 🌺🌺 काय झालं नाना?

नाना: रविवारी सुकती (ओहोटी) लागल्यावर चिरंजीव मित्रांना घेऊन संगमावर गेले. पंखा वाळूत आपटला, क्लॅम्प आधीच सैल, मशीन पाण्यात. सेफ्टीची दोरी कशाला असते ते विचारा त्याला.

बंड्या: अर्ध्या तासात बाहेर काढली. गोड्या पाण्याने धुतली पण.

भावोजी पुणे: नुसती वरून धुऊन उपयोग नाही. स्पार्क प्लग काढलेस का? आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब बघा.

बंड्या: काढले. स्टार्टरची दोरी ओढून आतलं पाणी उडवलं, मग सिलिंडरमध्ये ऑइल सोडलं. मेकॅनिकने फोनवर सांगितलं तसंच.

भावोजी पुणे: पडली तेव्हा चालू होती?

बंड्या: हो.

भावोजी पुणे: मग आत पाणी जाऊन पिस्टनचा रॉड वाकला असू शकतो. आधी कॉम्प्रेशन बघा.

दादा मस्कत: कशाला डोकेफोड? नवी घ्या, फोर स्ट्रोक. पेट्रोल कमी खाते. निम्मे मी देतो.

काकी: मस्कतचे गणपतीचे पैशे अजून येवचे आसत 😄

दादा मस्कत: काकी, तो हिशोब वेगळा.

काकी: वेगळोच तो. वहीत आसा.

नाना: फोर स्ट्रोक जड. रोज होडीवरून मांगरात कोण उचलणार? तू मस्कतहून?

ताई डोंबिवली: नाना, बीपीची गोळी घेतलीत ना? 🙏

भावोजी पुणे: मी तिसऱ्यांदा लिहितोय. कॉम्प्रेशन.

बंड्या: मेकॅनिक आलाय. गिअर ऑइल बघा 📷

आत्या: ह्यां ताक कोणाच्या घरचां?

भावोजी पुणे: पांढरं म्हणजे पाणी शिरलंय. खालचं सील गेलं. ते रविवारचं नसेलही, आधीपासून झिरपत असेल.

नाना: म्हणजे माझी चूक?

भावोजी पुणे: तसं नाही म्हटलं नाना.

बंड्या: कॉम्प्रेशन वरचा सिलिंडर ११०, खालचा १०५. मेकॅनिक म्हणतो रॉड सरळ आहे.

भावोजी पुणे: 👍 मग नवीचा विषय सोडा. सील, पंखा आणि आता उघडलीच आहे तर इम्पेलरही (थंड पाणी ओढणारी चकती) बदला. कार्ब्युरेटर खोलून धुवायला सांगा, मीठ तिथेच बसतं.

दादा मस्कत: बघा, मी म्हणत नव्हतो?

काकी: तू नवी म्हणी होतंस.

नाना: ठीक. बिल दुपारपर्यंत टाकतो. कोण किती देणार ते इथेच लिहा.

नाना: ?

नाना: नऊ जणांनी वाचलंय. दिसतंय मला.

ताई डोंबिवली: आज कोणाचा वाढदिवस आहे का हो? 🎂