मदत हवी आहे: आईचा आमवात आणि किडनी
आईला 11 वर्षं आमवात आहे, म्हणजे रूमेटॉइड आर्थ्रायटिस, सकाळी तासभर बोटं वळत नाहीत. इतकी वर्षं दुखलं की डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घ्यायची, आम्हीही कधी अडवलं नाही, आणि आता रक्तातलं क्रिएटिनिन 1.9 आलंय, म्हणजे किडनी कमजोर झालीय. डॉक्टर म्हणाले या गोळ्यांनी किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो, त्या कायमच्या बंद. आमवाताचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट पण किडनीतूनच बाहेर पडतं म्हणून तेही थांबवलं. सध्या पॅरासिटामॉल आणि थोडं स्टेरॉइड चालू आहे पण रात्री कण्हते हो, बघवत नाही. बायोलॉजिकल इंजेक्शनचं (प्रतिकारशक्ती दाबून आमवात आटोक्यात ठेवणारं) पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारणारच आहे, पण किडनी कमजोर असताना कोणाच्या घरी ते चालू आहे का, इन्फेक्शनचा त्रास झाला का? आणि सुजलेला सांधा शेकायचा की बर्फ लावायचा, तुमच्याकडे कशाने बरं वाटलं? प्लीज सांगा.